फुफाट्यातले प्रश्न: भर उन्हातली ग्रुप राईड

या वेळी टपालात सेकंडहँड गाड्या, मायलेज वगैरे नेहमीचं फार कमी होतं. बहुतेक सगळे ऊन आणि ग्रुप राईड यावरच अडकलेत. रविवारी पहाटे ठाणे-नवी मुंबईतून मुरबाड, शहापूर, कर्जत साइडला जी झुंड निघते ना, त्यातलेच सगळे वाचक दिसतायत. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त ऊन, कच्चा रस्ता आणि सोबतची माणसं. काही पत्रं फारच लांब होती ती कापलीयत, रागावू नका.

दादा, आम्ही अकरा जण मुरबाडच्या पुढे कच्च्या रस्त्याला गेलो होतो. निघायचं ठरलं सहाला, निघालो आठला, मग मिसळ, मग फोटो, ट्रेलला लागलो तेव्हा अकरा वाजून गेलेले. आमच्यातला एक मित्र, ऐरोलीला आयटीत आहे, चांगला चालवतो, तो दोनदा मागे पडला. विचारलं तर "ठीक आहे, चला" म्हणाला. पुढे सरळ रस्ता सोडून भलत्याच पायवाटेला वळला, जागच्या जागी गाडी पाडली, उलटी झाली आणि जरा असंबद्धच बोलायला लागला. सावलीत झोपवलं, पाणी पाजलं, एकाने तापाची गोळी दिली. तासाभराने बरं वाटलं तर स्वतः गाडी चालवत घरी आला. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात मिसळीने पित्त झालं. मला पटत नाही. (कळवा)

पटू देऊ पण नका. मिसळीला उगाच बदनाम करतायत. नुसती मळमळ आणि उलटी असती तर एक वेळ पित्त म्हटलं असतं, पण चांगला चालवणारा माणूस समोरचा रस्ता सोडून भलतीकडे वळतो आणि वेडंवाकडं बोलतो, तेव्हा ऊन डोक्यापर्यंत पोचलेलं असतं. तुमचा मित्र थोडक्यात वाचला असं मी म्हणेन आणि हे तुमच्या ग्रुपला वाचून दाखवा.

उन्हाचा त्रास चढत जातो. आधी पोटरीत, मांडीत गोळे येतात, मग डोकं दुखतं, चक्कर, मळमळ, घामाने अंग चिकट, पण माणूस शुद्धीत असतो, विचारलं ते नीट सांगतो. इथे थांबलं, सावली, पाणी, कपडे सैल, अर्धा-पाऊण तास आराम, तर बहुतेक वेळा सावरतं. याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात, शरीराचं आतलं तापमान ४० अंशाच्या वर जातं आणि मेंदू गडबडायला लागतो. बोलणं अडखळतं, चिडचिड, गोंधळ, तोल जाणं, मग शुद्ध हरपणं. आणि एक गैरसमज खूप जणांच्या डोक्यात पक्का बसलाय की घाम थांबला तरच उष्माघात. जागेवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला होतो तेव्हा बऱ्याचदा तसं असतं, पण मेहनत करताना होतो त्यात माणूस घामाने निथळत असला तरी उष्माघात असू शकतो. घाम येतोय म्हणजे ठीक आहे हे डोक्यातून काढाच.

असं दिसलं की पहिला फोन १०८ ला. आणि अँब्युलन्स येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, तिथल्या तिथे माणूस गार करायचा. हेल्मेट, जॅकेट, बूट, नी-गार्ड सगळं उतरवा, सगळ्यांच्या बाटल्या आणि पाठीवरच्या पिशव्यांतलं पाणी त्याच्या अंगावर ओता, मान, काखा, जांघा ओल्या ठेवा, आणि दोघांनी जॅकेटने सतत वारा घाला. जवळ विहीर, ओढ्यातला डोह, गुरांची टाकी असेल तर अजून चांगलं, फक्त डोकं वर धरून ठेवा. पहिला अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा. "पाणी ओतून टाकलं तर आपण काय पिणार" असला हिशोब त्या वेळी नको, पाणी आणायला दोघांना गावात पिटाळा. गोंधळलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. आणि तापाची गोळी या तापावर चालत नाही, कारण हा आजाराचा ताप नाहीच, बाहेरची आणि मेहनतीची उष्णता साठलीय, त्यात लिव्हरवर आधीच ताण असतो, वर गोळीचा कशाला. बरं वाटलं तरी त्याने स्वतः गाडी चालवत यायचं नाही, ती गाडी गावात कुणाच्या अंगणात लावा, माणूस डॉक्टरकडे न्या. तुमचा मित्र अजून गेला नसेल तर आता तरी पाठवा.

आता खरी गोम. त्याला विचारलं तेव्हा तो "ठीक आहे" म्हणाला आणि तुम्ही पुढे निघालात. उन्हात सगळ्यात आधी जाते ती अक्कल, ताकद नंतर. ज्याला लागलंय त्यालाच ते कळत नाही, त्यातून दहा जण आपल्यासाठी थांबलेत ही लाज वेगळीच. म्हणून "ठीक आहेस का" हा प्रश्नच विचारू नका, त्याचं उत्तर कायम ठीकच असतं. त्याऐवजी विचारा, मागचा फाटा कुठला लागला होता, शेवटचं पाणी कधी प्यायलास, लघवीला कधी गेला होतास. उत्तराला वेळ लागला, टाळाटाळ झाली की राईड तिथेच थांबली. जोड्या लावा, प्रत्येक थांब्यावर आपल्या जोडीदाराचं तोंड बघायचं, लालबुंद आहे का, डोळे जडावलेत का, बडबड्या माणूस गप्प झालाय का. नेहमीचा बडबड्या गप्प होणं हे माझ्या मते सगळ्यात भरवशाचं लक्षण आहे.

ऐरोलीच्या आयटीवाल्याचं अजून एक आहे. सोमवार ते शुक्रवार २४ अंशाच्या एसीत बसलेल्या अंगाला ऊन झेपायला एक-दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर. तो फिट असेल, जिमला जात असेल, तरी उन्हाची सवय वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी तास-दीड तासाच्या छोट्या राईड न करता एकदम मे महिन्यात दिवसभराचा ट्रेल म्हणजे अंगावर ओढवून घेणं.

आणि तापमानाच्या आकड्यावर फार विसंबू नका. आपल्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग गार होत नाही. म्हणून तर हवामान खातं सपाट मुलखात ४० अंश धरतं तिथे किनारपट्टीला ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त इथपासूनच उष्णतेची लाट धरतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्काराच्या कार्यक्रमाला आलेल्या १४ जणांचा जीव गेला, पारा चाळिशीच्या आत होता आणि ती माणसं नुसती बसलेली होती. तुम्ही वर हेल्मेट, जॅकेट घालून दीडशे किलोच्या गाडीशी झटत असता. मुरबाड, बदलापूर, कर्जतला तर समुद्रावरचं वारं उशिरा आणि कमी पोचतं, तिथे लाटेच्या दिवसात चाळिशी ओलांडतेच.

मे महिन्यात सहा-सव्वासहाला उजाडतं. उजाडताना तुमचं चाक मातीत पाहिजे आणि साडेदहाला परत डांबरावर. मिसळ परत येताना खा, पळून जात नाही ती.

पाणी नेमकं किती न्यायचं? आमच्यात एक जण एनर्जी ड्रिंकचे कॅन आणतो, दुसरा म्हणतो नुसतं पाणी बास, तिसरा मिठाच्या गोळ्या. कुणाचं ऐकू? (कामोठे)

कॅनवाल्याचं तर अजिबात नको. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २०० ते २५० मिली, तहान लागायची वाट न बघता. एका माणसाचे चार तासांचे तीन लिटर होतात, वर एखादा लिटर अंगावर ओतायला. पाठीवरची नळीवाली पिशवी यासाठीच घ्यायची, बाटली बॅगेत असली की बॅग उघडायचा कंटाळा आणि मग तासभर कुणी पीत नाही. पण तासाला दीड लिटरच्या वर पण नको, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानेही चक्कर, मळमळ, गोंधळ सुरू होतो, म्हणजे लक्षणं सारखीच आणि कारण उलटं.

तासाभराच्या वर घाम गाळणार असाल तर ओआरएस. मेडिकलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचं पाकीट मागा, एक लिटर पाण्यात एक अख्खं पाकीट. अर्धं पाकीट एका ग्लासात असला अंदाजपंचे कारभार करू नका. पाकीट नसलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, कैरीचं पन्हं, सगळं उत्तम. मिठाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आदल्या रात्री "बसणार" असाल तर सकाळी झोपून राहा, दारूने लघवी जास्त होते आणि तुम्ही निघतानाच कोरडे असता. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरला विचारूनच निघावं.

मी आमच्या ग्रुपमध्ये एकटी मुलगी. खरं सांगायचं तर वाटेत टॉयलेट नसतं म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही, घरी आल्यावर डोकं ठणकतं आणि दोन दिवस उन्हाळी लागते. लीडला, म्हणजे ग्रुपच्या पुढे असतो त्याला, सांगायला ऑकवर्ड वाटतं. आणि जॅकेटमध्ये मरणाचं उकडतं, ट्रेलवर काढलं तर चालेल का? (डोंबिवली)

ताई, हे पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि आमच्या ऑफिसात पण वाचून दाखवलं, कारण रूट आखणाऱ्या पुरुषांच्या हे डोक्यातच येत नाही. पाणी न पिणं हा उपाय नाहीये, तो उष्माघाताचा शॉर्टकट आहे. ऑकवर्ड तुम्हाला नाही, लीडला वाटायला पाहिजे. रूट आखताना जसे पेट्रोल पंप बघतात तसंच दर तासा-दीड तासाला टॉयलेटची जागा बघायची, हायवेवरचे पंप, धाबे, आणि आत गेल्यावर गावात एखादं घर. पाड्यावरच्या बायका अशा वेळी नाही म्हणत नाहीत, फक्त तुम्ही स्वतः हेल्मेट काढून जाऊन विचारा, मागे आठ इंजिनं घुरघुरत ठेवून नको. रानात वेळ आली तर बाकीच्यांनी गाड्या घेऊन पुढच्या वळणापलीकडे जाऊन थांबायचं, हा नियम सकाळी निघतानाच सगळ्यांसमोर बोलून टाकायचा, म्हणजे नंतर कुणाला काही मागायला लागत नाही. उभ्याने वापरायचं कागदी फनेल पण मिळतं, ऑनलाइन बघा. आणि उन्हाळी दोन दिवसांच्या वर राहिली, जळजळीसोबत ताप किंवा कंबरदुखी असली तर ते नुसतं ऊन नाही, लघवीची तपासणी करून घ्या.

जॅकेट काढू नका. जाळीचं घ्या, मेश म्हणतात ते, आत सुती बनियन किंवा टीशर्ट चिंब भिजवून घाला, मानेला ओला पंचा. चालत्या गाडीवर जाळीतून वारा लागला की ते पाणी वाळतं आणि खरंच गार वाटतं, अर्ध्या तासाने परत भिजवायचं. उघड्या अंगाने गार वाटतं ते फसवं असतं, गरम वारा घाम इतका पटकन वाळवतो की किती पाणी गेलं ते कळतच नाही, वर पडलात तर मुरमाने कातडी सोलून निघते ते वेगळं. थांबलात की मात्र लगेच हेल्मेट आणि जॅकेट दोन्ही उतरवायचं, सावलीत. लोक थांबून हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून गप्पा मारतात, ते का, मला आजवर कळलेलं नाही.

माझी २०० सीसी एअर-कूल्ड गाडी आहे. चढावर पाच-सहा गाड्यांच्या मागे अडकलो, जळका वास आला, मग क्लच सोडला तरी गाडी ओढेना. एकाने इंजिनवर बाटलीभर पाणी ओतलं, फस्स करून वाफ आली. काही बिघडलं असेल का? सगळे म्हणतात लिक्विड-कूल्ड घे. (घणसोली)

गाडी विकायची घाई नको, चूक गाडीची नाहीये, रांगेची आहे. एअर-कूल्ड इंजिनला गार करतो तो वारा, आणि पहिल्या गिअरमध्ये ताशी आठ-दहाच्या स्पीडने चढ चढताना वाराच नसतो. त्यात पुढचा बंद पडला की मागचे सगळे चढावरच हाफ क्लचवर गाडी धरून उभे राहतात. आपल्या बहुतेक गाड्यांत क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, म्हणजे प्लेटा घासून झालेली उष्णता त्याच ऑइलमध्ये. जळका वास तो. तापल्यावर प्लेटा फुगतात, क्लच केबलचा ढिलेपणा संपतो आणि लिव्हर पूर्ण सोडला तरी क्लच नीट बसत नाही, म्हणून ओढली नाही. अशा वेळी लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढिलेपणा मिळेल इतकी केबल अ‍ॅडजस्ट करायची, तिथेच हाताने होते. गार झाल्यावर परत तपासायची.

पाणी ओतणाऱ्या मित्राला हात जोडा. तापलेल्या सिलिंडर हेडवर एकदम गार पाणी पडलं की धातू वाकू शकतो, तडा जाऊ शकतो, आणि वाफेने हात भाजतो तो बोनस. गाडी सपाटीला, सावलीत, वाऱ्याकडे तोंड करून बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. आता घरी आल्यावर ऑइलची लेव्हल बघा, ऑइल काळं आणि जळक्या वासाचं असेल तर बदला, आणि मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतो पण स्पीड चढत नाही असं होत असेल तर प्लेटा गेल्या. हेडच्या जोडातून ऑइल झिरपतंय का तेही एकदा मेकॅनिकला दाखवा.

लिक्विड-कूल्डला फॅन असतो, हा फायदा आहेच, पण चिखल आणि गवताने रेडिएटरच्या जाळ्या बुजल्या की तीही तापते, आणि तिथे कुणीतरी शहाणा गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायला जातो. आतलं कूलंट दाबाखाली उकळतं असतं, थेट तोंडावर येतं. त्यात वजन बघा, रॉयल एनफील्डची लिक्विड-कूल्ड हिमालयन ४५० म्हणजे १९६ किलो. ती चढावर पडली की उचलायला तीन माणसं. आणि हे लक्षात ठेवा, ग्रुपमध्ये उन्हाने आधी आडवा होतो तो बहुतेक वेळा नवखा नसतो, सगळ्यांच्या गाड्या उचलणारा, ढकलणारा जो मदतीला धावतो ना, तोच. गाडी चालवण्यापेक्षा ढकलण्यात दुप्पट दम जातो. त्याला आळीपाळीने सुट्टी द्या.

चढावर एका वेळी एकच गाडी. पहिला वर पोचून हात दाखवेपर्यंत दुसऱ्याने खाली सावलीत इंजिन बंद करून थांबायचं. मधेच बंद पडली तर नुसता पुढचा ब्रेक धरून उपयोग नाही, चढावर वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक लॉक होऊन गाडी मागे घसरते. गिअरमध्येच ठेवून क्लच सोडून द्या, इंजिन गाडी धरून ठेवतं. मग श्वास घ्या, पाणी प्या, आणि गाडी हळूहळू आडवी करत खाली वळवा. तिथूनच थ्रॉटल पिळत वर न्यायचा हट्ट केला की क्लच आणि माणूस दोन्ही जळतात.

आणि थांबताना वाळक्या गवतावर गाडी लावायची नाही. सायलेन्सर आणि त्यातला धूर साफ करणारा कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की गवत धरतं, आणि मे महिन्यात एकदा धरलं की अख्खा डोंगर जातो. वणवा दिसला तर वन खात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

ट्रेलला टायरमधली हवा किती कमी करायची? (वसंत विहार, ठाणे)

सकाळी गाडी गार असताना कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी, ट्यूबवाल्या टायरला दगडधोंड्यात १८-२० च्या खाली नको, ट्यूब रिम आणि दगडात चिमटते. उन्हात टायर तापून दोन-तीन पीएसआय आपोआप वाढतात, ती वाढ काढून टाकू नका. डांबरावर यायच्या आधी परत भरा, सायकलचा पंप पुरतो. स्पेअर ट्यूब एकच न्यायची झाली तर पुढच्या चाकाची २१ इंची न्या, गरजेला मागच्या १७-१८ इंची टायरात कोंबून घरापर्यंत येता येतं, उलटं जमत नाही, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची मिळेल ही आशा सोडा.

आमच्या ग्रुपमध्ये फास्ट पोरं पुढे निघून जातात, मागचे फुफाट्यात काही दिसत नाही म्हणून चुकतात, रेंज नसते, मग एकमेकांना शोधण्यात दोन तास. वॉकीटॉकी घ्यायच्या का? (उलवे)

पैसे वाचवा. आधी ग्रुप लहान करा, सहा-आठच्या वर असाल तर दोन तुकड्या, दोन लीड, अर्ध्या तासाच्या अंतराने. प्रत्येक तुकडीत सगळ्यात पुढे लीड आणि सगळ्यात मागे एक अनुभवी, त्याला आपल्याकडे स्वीप म्हणतात. स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही आणि स्वीपने कुणाला ओव्हरटेक करायचं नाही. हा माणूस निवडताना सगळ्यात शांत असेल तो निवडा, स्पीडचा शौकीन मागे ठेवला तर तो वैतागतो आणि पुढच्याला ढोसत राहतो. टूल, पंप, क्लच केबल, दोरी, फर्स्टएड आणि जास्तीचे ओआरएस त्याच्याकडे, कारण बिघडलेली गाडी आणि बिघडलेला माणूस दोन्ही शेवटी त्याच्याच पुढ्यात येतात.

फाट्यावर चुकायचं नसेल तर जुनी आणि बिनखर्चाची पद्धत आहे. फाटा आला की लीडच्या लगेच मागचा जो असेल तो तिथेच थांबतो, सगळ्यांना दिशा दाखवतो आणि स्वीप आला की स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्याला लीडच्या मागे आता दुसराच असतो, म्हणजे थांबायची पाळी फिरत राहते. यात उन्हाच्या दृष्टीने एक मोठा फायदा, प्रत्येक जण अधूनमधून दोन-चार मिनिटं सक्तीने थांबतो, पाणी पितो, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा त्याला दिसतो. फास्ट पोरांना लीडच्या मागे ठेवा, फाट्यावर सगळ्यात जास्त तीच थांबतील, जिरते चांगली.

फुफाट्यात अंतर वाढवा, पुढच्याची धूळ खाली बसेपर्यंत थांबलं तरी चालतं, स्वीप मागे आहे म्हटल्यावर घाई कसली. धुळीत तोंडाने श्वास घेत चालवलं की घसा कोरडा पडून पाणी लवकर संपतं. घरी आल्यावर एअर फिल्टर काढून बघा, शेवटच्या तीन गाड्यांचे तर बघवत नाहीत.

आणि वेग कुणाचा? सगळ्यात हळू जो आहे त्याचा. तो पोचला की लगेच बाकीचे निघतात ना, हे सगळीकडे चालतं आणि मला याची चीड आहे, पुढच्यांना पंधरा मिनिटं सावली मिळते आणि जो सगळ्यात दमलाय त्याला शून्य. शेवटचा पोचून हेल्मेट काढेल तिथून दहा मिनिटं मोजायची.

येऊर आमच्या घरामागेच आहे. पहाटे ऊन चढायच्या आधी चार-पाच जण आतल्या कच्च्या वाटेने पटकन जाऊन आलो तर कुणाला काय त्रास? (मानपाडा, ठाणे)

बिबट्याला. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आत परवानगीशिवाय गाडी घालणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, पहाटे असो नाहीतर रात्री. कर्नाळा अभयारण्य, शहापूर-वाड्यातलं तानसा अभयारण्य, भीमाशंकर अभयारण्याची मुरबाडकडची सिद्धगडची बाजू, सगळं तसंच. माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, वर आपल्या गाड्यांना बंदीच आहे, उगाच मागच्या वाटेने शौर्य गाजवू नका. राखीव जंगलातही भारतीय वन अधिनियम १९२७ लागतोच. मग जायचं कुठे? गावाला जोडणारे कच्चे रस्ते, पाणंदी, खासगी जमीन असेल तर मालकाला विचारून, किंवा पैसे भरून ऑफरोडचे ट्रॅक. जायच्या आधी एकदा गाडी न घेता किंवा कारने जाऊन सरपंचाला, पोलीस पाटलाला भेटून या, ओळख होते आणि अडचणीला तीच माणसं धावतात.

शेतात आत्ता पीक नाही म्हणून बांधावरून गाडी घालू नका, भाताचा बांध फुटला की जून महिन्यात खाचरात पाणी ठरत नाही. राब भाजलेल्या तुकड्यात तर चाक सुद्धा नको, तिथे रोपं टाकायची असतात. आणि अजून एक, शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. तिथल्या हातपंपावर गाडीचा रेडिएटर आणि गॉगल धुताना लोक दिसले की मान खाली जाते. पाणी आपलं आपण घरून न्या.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, नवीन गाडी, येत्या रविवारी ग्रुपबरोबर कर्जत साइडला जायचं म्हणतो. नाही म्हटलं तर ऐकणार नाही. मी काय विचारू? (नेरुळ)

काकू, जाऊ द्या पण आधी त्याच्याकडून चार गोष्टी काढून घ्या. निघायची आणि परत डांबरावर यायची वेळ, लीड आणि स्वीप दोघांचे नंबर, जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं हे त्यांना माहीत आहे का, आणि कुणाला त्रास झाला तर परत फिरायचं कोण ठरवणार. शेवटच्या प्रश्नाला "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर तो ग्रुप चांगला नाही, दुसरा शोधायला सांगा.

गाडी नवीन म्हणजे पहिल्या सर्व्हिसच्या आधी अवघड चढ नको. जाताना पनवेल, चौक गावावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे. आरसे, नंबरप्लेट "ट्रेलला तुटतात" म्हणून घरी काढून ठेवायची फॅशन आहे, रस्त्यावर ती चालत नाही. हेल्मेट आयएसआयचं, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघा आणि कोपराचे गार्ड, यात घासाघीस करू देऊ नका. इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा, स्पर्धा, रेसिंग, स्पीड टेस्ट यात झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत, म्हणून टाइमिंग लावून चढ चढायची पैज वगैरे नको. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का तेही बघा, गाडी तुमच्या किंवा त्याच्या बाबांच्या नावावर असेल तर तो मुलाला लागू होत नाही, त्याच्यासाठी वेगळा घ्यावा लागतो.

आणि घरी आला की लगेच एसीत झोपायला जाऊ देऊ नका, आधी जेवू-पिऊ घाला, गप्पा मारा. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही किंवा काळ्या चहासारखी गडद झाली, अंग प्रमाणाबाहेर दुखतंय, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या, उन्हात अतिश्रमाने स्नायू मोडले की त्याचा भार किडनीवर येतो आणि सलाईन वेळेत लागणं गरजेचं असतं.